फेंगडा म्हणजे नक्की काय आणि हा शब्द वापरायचा कसा

परवा मामेबहिणीचा मेसेज आला, ती मुंबईत वाढलेली, लग्नानंतर पहिल्यांदाच बाळाला घेऊन मालवणला सासरी गेलेली. सासूबाई बाळाला खोबरेल तेल लावताना म्हणाल्या, "झिलाचे पाय फेंगडे दिसतत," आणि हिला वाटलं पाय मोठे आहेत म्हणतायत. ते फताडे गं! फताडा म्हणजे पसरट, रुंद पाऊल. फेंगडा हा शब्द पावलाचा नाही, तो पायाच्या बाकाचा आहे.

ओळखायचं कसं ते सांगते. उभं राहून दोन्ही घोटे एकमेकांना चिकटवायचे, घोटे जुळले तरी ढोपरं जुळत नाहीत, मध्ये धनुष्यासारखा बाक राहतो, ते फेंगडे पाय. उलट ढोपरं एकमेकांना घासतात आणि घोटे लांब राहतात त्याला फेंगडं म्हणू नका, तिथे सरळ "गुडघे आपटतात" असं म्हणा. आणि लंगडा तर वेगळाच, त्यात एक पाय अधू असतो.

आता वापर. शब्द लिंगाप्रमाणे बदलतो, फेंगडा पाय, फेंगडी चाल, फेंगडं पोर, अनेकवचनी फेंगडे पाय, आणि पुढे प्रत्यय आला की फेंगड्या, म्हणजे "फेंगड्या पायांनी धावत आला". मालवणीत घोडा चा घोडो होतो तसं फेंगडो. फे वरचा अनुस्वार खाऊ नका. क्रियापदासारखंही वापरतात, फेंगडत चालणं, आणि त्यासाठी पाय मुळात वाकडे असावे लागत नाहीत, रत्नागिरीहून मालवणपर्यंत बाइकवर बसून आलेला माणूस उतरल्यावर पाय फाकवून टाकतो ना, तो फेंगडतच चालतो, तासाभराने सरळ.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, हा शब्द पायाला लावा, चालीला लावा, माणसाला हाक मारायला लावू नका. आमच्या वाडीत एका मुलाला लहानपणी सगळे फेंगड्या म्हणायचे, पुढे पाय सरळ झाले पण नाव तसंच राहिलं, दहावीपर्यंत तो हाफ पँट घालायला तयार नसायचा, पावसात चिखलात लावणीला सगळे गुडघ्यापर्यंत कपडे वर करून उतरायचे आणि हा एकटा ओली फुलपँट ओढत चालायचा. मला ते अजून आठवतं.

आणि बाळाच्या आईला हा शब्द ऐकवायचाच असेल तर त्याच्या पुढचंही सांगा. जन्मतः बहुतेक बाळांचे पाय थोडे फेंगडेच असतात, पोटात गुंडाळून असतात म्हणून, साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होतात, मग 3-4 वर्षांच्या वयात उलट गुडघे आपटायला लागतात आणि 7 वर्षांपर्यंत तेही बसतं. तेल जरूर लावा, बाळाला बरं वाटतं, पण बाक तेलाने जात नाही, वाढीने जातो. कडेवर घेतलं म्हणून, लवकर उभं केलं म्हणून पाय वाकडे झाले असं सुनेला बोलू नका, तसं होत नाही. दोन-तीन वर्षांनंतरही बाक तसाच असेल, वाढत असेल, एकाच पायाला असेल किंवा दुखत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवायचं, कारण मग मुडदूस असू शकतो, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ राहणं, आणि त्यावर औषध आहे.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. माझ्या आजीचे पाय तरुणपणी सरळ होते, गुडघ्याची आतल्या बाजूची कूर्चा झिजली तसे ते बाहेर वाकत गेले, जांभ्याच्या पायऱ्या ती एकेक करून आडवी उतरायची. तिच्याबद्दल आम्ही कधी "फेंगडी" नाही म्हटलं, "आजीचे पाय फेंगडे झालेत, हात धर तिचा" एवढंच म्हणायचो.

बहिणीला मी हेच सगळं व्हॉइस नोटमध्ये पाठवलं. बाळ 11 महिन्यांचं आहे, आता सासूबाई म्हणतात, "चलाक लागलो काय सरळ होतले."