शाळा बंद, वर्ग फोनवर: आम्ही केलेल्या या चुका टाळा

दर पावसाळ्यात एकदा तरी रेड अलर्ट येतो, शाळांना सुट्टी जाहीर होते आणि तासाभरात कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर विचारणा होते, 'मग आज ऑनलाइन घ्यायचं का?' ते वाचलं की मला २०२०चा जून आठवतो.

मी रायगडच्या किनारपट्टीवर जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं. सुपारीच्या बागा झोपल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. आणि १५ जूनला, दरवर्षीच्याच तारखेला, राज्यात शैक्षणिक वर्ष सुरू झालं, कोरोनामुळे फक्त ऑनलाइन. आमच्याकडे तेव्हा लोक फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याच्या दारात बसत होते. तिथून पुढे, १ डिसेंबर २०२१ला पहिली ते चौथीची मुलं वर्गात परत येईपर्यंत, आम्ही जवळजवळ प्रत्येक चूक करून पाहिली. त्यातल्या काही अजूनही होताना दिसतात, म्हणून हा लेख.

फोन मोजले, वेळ मोजली नाही

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या निम्म्या हिच्यातूनच निघाल्या.

जूनमध्ये वरून विचारणा झाली, किती पालकांकडे स्मार्टफोन आहे? आम्ही वाड्यावाड्यांतून यादी केली. आकडा चांगला आला, इतका चांगला की मलाच नवल वाटलं. कारण नंतर कळलं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले होते. काका, मामा, मोठा भाऊ, प्रत्येकाच्या खिशात फोन. गणपती झाले, काम सुरू व्हायला लागलं, माणसं मुंबईला परतली आणि फोनही त्यांच्याबरोबर गेले. आमच्या कागदावरचा आकडा मात्र जूनचाच राहिला.

जे फोन गावात उरले तेही मुलांच्या हातात नव्हते. बाप टेम्पोवर किंवा होडीवर, सकाळी सातला बाहेर, फोन त्याच्याबरोबर. घरात तीन भावंडं असतील तर दहावीवाल्याचा पहिला मान, मग मुलगा, आणि तिसरीतली मुलगी शेवटी. ही काही आमच्याच गावची गोष्ट नव्हती. 'असर' या, खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल देशभर होणाऱ्या पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचं प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२०मध्ये ६१.८ आणि २०२१मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. पण २०२१च्याच पाहणीत, घरात स्मार्टफोन असूनही साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो कधीच वापरायला मिळत नव्हता. लहान वर्गांत हे प्रमाण आणखी जास्त.

तेव्हा 'फोन आहे का' असं विचारू नका. एक साधी वही घ्या आणि चार रकाने आखा: फोन कुणाचा, तो घरात किती ते किती वाजेपर्यंत असतो, रिचार्ज कधी संपतो, आणि त्या फोनवर किती भावंडं आहेत. चौथा रकाना भरताना मला कळलं की माझ्या पाच विद्यार्थ्यांचा नंबर एकच होता. तिघं सख्खी, दोघं चुलत. ही वही महिन्याला एकदा नव्याने भरा. पालकांना रिचार्जबद्दल विचारायला संकोच वाटतो हे खरं, मलाही वाटला. पण 'ताई, नेट कधी मारता?' एवढं सहज विचारलं तर कुणी राग धरत नाही.

शाळेचं वेळापत्रक उचलून फोनवर ठेवलं

अकरा वाजता मराठी, पावणेबाराला गणित. का? तर शाळेत तसंच असतं. पहिल्या दिवशी सत्तावीसपैकी नऊ मुलं जोडली गेली. पंधरा मिनिटं 'बाई, आवाज येतोय का' आणि 'तुझा माइक बंद कर' यात गेली. कुणाकडे कुकरची शिट्टी, कुणाकडे म्हैस. मोफत झूमची चाळीस मिनिटांची मर्यादा संपली तेव्हा माझा फळ्यावरचा एक हातचा बाकी होता.

ऑनलाइन वर्गांबद्दल केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचना जुलै २०२०मध्ये आल्या. त्यांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला फार तर अर्धा तास, पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं असं होतं. माझ्या मते पहिली-दुसरीसाठी तेही जास्तच. सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरच्या चौकोनात बाई दिसल्या की तो आधी बाईंकडे बघतो, मग स्वतःकडे आणि मग फक्त स्वतःकडेच. कानामागे केस सारणं, दात बघणं. शिकणं कुठे होणार?

आम्हाला जमलं ते असं. धडा थेट न घेता तीन मिनिटांच्या आत बोलून रेकॉर्ड करायचा आणि सकाळी सहाच्या आत पाठवायचा. सहाच का? बाप अजून घरात असतो, आणि रोजचं दीड जीबी मध्यरात्रीच नवं पडलेलं असतं. आम्ही आधी रात्री आठला पाठवायचो. बाप घरी येतो तोच, असा हिशोब होता. पण तोवर नेट संपलेलं असे आणि व्हिडिओ गोल गोल फिरत राही. मुलांशी बोलायचं असेल तर साधा फोन लावा आणि कॉन्फरन्सवर चार-पाच मुलांना घ्या. बटणांच्या फोनवरही चालतं, नेट लागत नाही. मी पाढे, वाचन आणि नुसत्या गप्पा यावरच घेतल्या. झूमच्या तासापेक्षा या दहा मिनिटांत मुलं जास्त बोलली.

फोनच्या कटकटी, ज्यांवर उपाय सोपे आहेत

गृहपाठाच्या फोटोतली अक्षरं फुटतात, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, वाचता येतो. उलट व्हिडिओ मोठा असेल तर जातच नाही किंवा पालक उघडत नाहीत. तेव्हा सोळा एमबीची मर्यादा होती, आणि आजही आमच्या भागात मी दहा एमबीच्या वर जात नाही. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत, पण आख्खं पुस्तक पाठवू नका. लागतील तेवढी दोन पानं स्क्रीनशॉट काढून पाठवा.

'फोन हँग होतो' ही तक्रार आली की नवा फोन घ्या असं कुणाला सुचवण्याआधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं आपोआप डाउनलोड बंद करून द्या आणि सुप्रभातच्या गुलाबांचा कचरा काढा. दहातले सात फोन यावर सुटले.

ब्रॉडकास्ट लिस्टवरून मेसेज पाठवत असाल आणि काही पालक 'आलाच नाही' म्हणत असतील तर ते खोटं बोलत नसतात. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोहोचतच नाही. मी दोन महिने एका आईला मनातल्या मनात बोल लावत होते.

गुगल फॉर्मवर चाचणी घेत असाल तर 'एकदाच उत्तर' ही मर्यादा काढा. एका जीमेलवर थोरल्याने चाचणी दिली की धाकटीला फॉर्म उघडतच नाही. ती रडत बसते, आणि आपल्याकडे ती 'अनुपस्थित'.

पाठवलं म्हणजे शिकवलं

रोज संध्याकाळी आम्ही लिंक भरायचो: आज किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलात? व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या खुणा मोजून आकडा टाकायचा. एससीईआरटीची, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज यायची, मी ती ग्रुपवर टाकायचे, पालक अंगठा टाकायचे. सगळं सुरळीत चाललंय असं दिसायचं. खरं तर पोस्टमनची नोकरी चालली होती. (त्यातच कुणाला चेकपोस्टवर ड्यूटी, कुणाला घरोघर सर्वेक्षण, आणि सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही कोरोना तपासणीची मोहीम. तक्रार म्हणून नाही, पण दुपारी ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्या बाईने संध्याकाळी सत्तावीस वह्यांचे फोटो तपासायचे होते, एवढं नोंदवून ठेवते.)

गृहपाठ फार सुंदर यायला लागला तेव्हा मला शंका आली. तिसरीतल्या पोराची वेलांटी एकाएकी आईसारखी वळायला लागली होती. मग मी लिहून मागणंच बंद केलं. पुस्तकातल्या चार ओळी वाच आणि आवाज पाठव. आवाज आईला देता येत नाही. कुठे अडतो, कुठे जोडाक्षर गिळतो, कुठे पाठ म्हणतो, सगळं तीस सेकंदांत कळतं. आठवड्यातून एकदा, प्रत्येक मुलाचा एक आवाज, आणि त्यावर माझं त्याचं नाव घेऊन दिलेलं उत्तर. 'छान' एवढंच नाही. 'प्रकाश या शब्दाला अडखळलास, पुन्हा म्हण' असं.

ग्रुपवर 'फक्त ॲडमिन' करून ठेवणं हीही त्याच जातीची चूक. गोंगाट थांबतो, पण प्रश्नही थांबतात. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, मुलांचा वेगळा.

नंबर सगळ्यांना दिसले

थोडक्यात सांगते. मोठ्या वर्गांच्या ग्रुपमध्ये मुलींच्या घरचे नंबर प्रत्येकाला दिसतात. आमच्या ओळखीच्या एका शाळेत रात्री फोन यायला लागले, आणि दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना ग्रुपमधून काढलं. म्हणजे शिक्षणातूनच काढलं. आठवीच्या वर अशा ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट वापरा, नंबर आधी सेव्ह करून घेऊन. आणि तासाची लिंक फेसबुकवर टाकू नका. २०२०मध्ये अनोळखी लोक थेट वर्गांत घुसत होते, केंद्रीय गृह मंत्रालयाला एप्रिलमध्ये झूमबद्दल सूचना काढावी लागली होती.

बिनफोनवाल्यांना 'नंतर बघू' म्हटलं

ऑगस्ट २०२१मध्ये पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधून केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. आम्ही मात्र आधी फोनवाल्यांची घडी बसवू, मग उरलेल्यांचं बघू असं ठरवलं. ती घडी कधी बसलीच नाही.

राज्यात काही लोकांनी उलट्या बाजूने सुरुवात केली होती. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' चालवली. स्पीकरवरून धडा, मुलं अंतर ठेवून बसलेली. सोलापुरात नीलमनगरला शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, म्हणजे येताजाता मुलांच्या नजरेस पडावेत. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२०पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली. टीव्ही आमच्या वाडीत फोनपेक्षा हक्काचा होता, कारण तो कुणी खिशात घालून कामावर नेत नव्हतं. पण तिचं वेळापत्रक मी पालकांना चार आठवडे उशिरा कळवलं, कारण ते ग्रुपवर टाकून मी मोकळी झाले होते, आणि ज्यांना त्याची गरज होती ते ग्रुपमध्ये नव्हतेच.

आमच्याकडे शेवटी चाललं ते रेशन दुकान. दर महिन्याला घरातलं कुणीतरी तिथे येतंच. दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी मुलांच्या नावाची पाकिटं ठेवली: हाताने लिहिलेले चार कागद, परत येताना भरलेले आणायचे. आणि प्रत्येक आळीत सहावी-सातवीतला एकेक विषयमित्र, जो पडवीत दोन-तीन धाकट्यांना घेऊन बसेल. त्याला खाऊ म्हणून पेन्सिलचा बॉक्स दिला तरी तो खूश.

परत आल्यावर पान ४२ पासून सुरुवात

जी मुलं जून २०२०मध्ये पहिलीत दाखल झाली, ती डिसेंबर २०२१मध्ये वर्गात पहिल्यांदा बसली तेव्हा दुसरीत होती. आणि मी वेळापत्रकाप्रमाणे दुसरीचा धडा काढला. समोर मुलं पुस्तक घेऊन गप्प. त्यातल्या निम्म्यांना पुस्तक सुलटं कुठून हेच सापडत नव्हतं. सरकारने जुलै २०२१मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, दिला होता, पण तोही आम्ही फोनवरूनच राबवला होता. देशभरचं चित्र पुढे 'असर'मध्ये दिसलं: दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८मध्ये २७.३ टक्के होती, २०२२मध्ये २०.५ टक्के.

म्हणून लांबच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा इयत्तेप्रमाणे बसवूच नका. प्रत्येकाकडून अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असं वाचून घ्या आणि जो जिथे थांबला त्या घोळक्यात बसवा. चौथीतला दांडगा पोरगा दुसरीतल्याबरोबर बसायला लाजतो. त्याला फळा पुसायचं काम द्या आणि तो घोळका तुमच्या टेबलाजवळ ठेवा. आम्हाला यात फेब्रुवारी संपला. अभ्यासक्रम राहिला, त्याबद्दल विचारणाही झाली.

आता दर जूनमध्ये मी पहिल्या आठवड्यात दहा कागदांचा एक गठ्ठा करते, प्रत्येक मुलासाठी, पॉलिथिनच्या पिशवीत, वर नाव. वादळाची बातमी लागली की आदल्या दिवशी तो दप्तरात जातो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'ऑनलाइन घ्यायचं का' आलं की मी उत्तर देते: कागद घरी पोहोचलेत, संध्याकाळी लाइट असली तर फोन लावते.