बायपोलरची फाईल आणि शाळेचं प्रगतिपुस्तक

2009 साली, चोविसाव्या वर्षी, मला बायपोलरचं निदान झालं, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी नैराश्यात जाणारा आजार. ऑटिझमचं, म्हणजे जन्मापासूनच्या मेंदूच्या वेगळ्या घडणीचं, झालं अडतिसाव्या वर्षी. मधे एका डॉक्टरांना मी ऑटिझमबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "डोळ्यांत बघून बोलताय, नोकरी करताय, मग ऑटिझम कसा असेल?" पुन्हा विचारायचं धाडस व्हायला सहा वर्षं गेली. बायपोलर असून ऑटिझमचीही शंका येत असेल, तर तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी एक: गोळ्या मनाने बंद करू नका. ऑटिझम निघाला की बायपोलर खोटं ठरेल, असं मलाही वाटायचं. दोन्ही एकत्र असू शकतात. माझ्यात आहेत, आणि लिथियम ही बायपोलरची गोळी आजही चालू आहे. ऑटिझमच्या तपासणीला तब्येत स्थिर असताना जा. नैराश्यात माणूस तसाही बोलेनासा होतो, लोकांना टाळतो. त्यातलं ऑटिझमचं काय ते तपासणाऱ्यालाही वेगळं काढता येत नाही.

तपासणाऱ्यांना मुख्यतः एवढंच शोधायचं असतं, की हे आजाराच्या आधीपासून, लहानपणापासून होतं का. मी दोनशे पानी वही घेतली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'येतं-जातं': तीन-तीन रात्री झोप नाही, लक्ष्मी रोडवर एका दुपारी आठ साड्या. उजवीकडे 'कायमचं': कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅलरीत जाणं, फोन करण्याआधी वाक्यं कागदावर लिहून घेणं, बसमधे ठरलेली जागा मिळाली नाही तर दिवसभर डोकं ठिकाणावर नसणं. प्रत्येक नोंदीपुढे ती कितव्या इयत्तेपासूनची, हेही लिहिलं. तपासणीत सगळ्यात जास्त उपयोग या वहीचा झाला.

मग आई. 'मी लहानपणी वेगळी होते का?' असं विचारून काही हाती लागत नाही. "छे, फार शहाणी होतीस, कधी त्रास दिला नाहीस," एवढंच आई म्हणाली. ऑटिझमचा मराठी शब्द, 'स्वमग्नता', ऐकून तर ती दुखावलीच. तिला वाटलं, कोणीतरी मला आपमतलबी म्हणतंय. म्हणून मी ऑटिझमच म्हणते. नंतर विचारलं, "गणपतीत आरतीला मी कुठे असायचे?" आई लगेच म्हणाली, "आतल्या खोलीत. झांजा सुरू झाल्या की गादीत डोकं खुपसून. प्रसादाला बोलवायला मीच यायचे." असे प्रसंग विचारा. माळ्यावरची ट्रंक उघडा. माझ्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, 'हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही.'

पुण्यात ऑटिझमचं काम करणाऱ्या बऱ्याच जागा मुलांसाठी आहेत, म्हणून फोनवरच विचारून घ्या: अठराच्या पुढच्यांना तपासता का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक काय? आधीच मानसिक आजाराचं निदान असलेल्यांचा अनुभव आहे का? बैठका किती, एकूण खर्च किती, अहवाल लेखी मिळेल ना? आईशी मराठीत बोलतील का, हेही. खर्च झेपणारा नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून मानसोपचार विभागात चौकशी करा. आधीच्या डॉक्टरांकडून उपचारांची जुनी कागदपत्रं मागताना संकोच नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 25 ने तो हक्क दिलाय.

इंटरनेटवरची पन्नास प्रश्नांची चाचणी म्हणजे निदान नाही. चिंता, नैराश्य असलं तरी तिथे गुण वाढतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाही वेगळा विषय. ऑटिझम 2016 च्या अपंग हक्क कायद्यात आहे, पण बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं आणि त्याची तपासणी स्वतंत्र होते.

शेवटचं मला सगळ्यात जड गेलं: तिथे नीट वागून दाखवायचं नाही. इतक्या वर्षांची सवय, ती सुटत नाही. तिसऱ्या बैठकीत तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "पंख्याचा आवाज चालेल ना?" मी "हो हो, चालेल" म्हणून गेले. दोन मिनिटांनी वही उघडली आणि म्हटलं, "चालत नाही. आल्यापासून मी तोच ऐकतेय. तुमचे निम्मे प्रश्न माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत." त्यांनी उठून पंखा बंद केला आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली.