पाण्याचा प्रश्न सभागृहात कुणी मांडला? एआयच्या मदतीने सरकारी कागद असा शोधा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट वाढायला लागले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर एकच विषय होता, पाणी. टँकर कुठून येतो, विहिरीत क्लोरीन टाकतात का, टाकी कधी धुतली. आणि मग कुणीतरी विचारलं, अहो पण आपल्या वतीने हे कुणी सभागृहात विचारलं का, आणि सरकारने उत्तर काय दिलं? ग्रुपवर शंभर फॉरवर्ड आले पण कागद एकही नाही. तेव्हापासून मी चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड असले असिस्टंट वापरून सरकारी कागद शोधायला लागले, आणि आता शेजारीपाजारी विचारतात म्हणून पद्धत नीट लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. एआय हा कागद नाही. कागद कुठे असेल हे तो सांगू शकतो आणि तुम्ही कागद हातात दिला की वाचायला मदत करतो, मधलं काम म्हणजे प्रत्यक्ष कागद काढणं, ते आपणच करायचं. हे मधलं काम सोडलं की घात होतो. मला एकदा एका असिस्टंटने जीआरचा (म्हणजे शासन निर्णयाचा) नंबर, तारीख, विभाग सगळं इतकं व्यवस्थित दिलं की मी ते जसंच्या तसं अर्जात लिहिलं, आणि ऑफिसात सांगितलं गेलं की असा जीआरच निघालेला नाही. अर्जातली बाकीची तक्रार खरी होती, पण त्या एका ओळीमुळे सगळा अर्जच बाजूला पडला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिली पायरी: विषय कुणाच्या दारात येतो ते ठरवा

इथे घाई करू नका, निम्मं शोधकाम इथेच होतं. पुण्यात तर फारच. धायरीला राहणाऱ्याला वाटतं आपला खासदार पुण्याचा, पण धायरी ज्यात आहे तो खडकवासला विधानसभा मतदारसंघ बारामती लोकसभेत येतो, आणि हडपसर शिरूरमध्ये. म्हणजे तुम्ही एआयला "पुण्याच्या खासदाराने पाण्यावर काय प्रश्न विचारले" असं विचारलंत तर चुकीच्या माणसाची यादी शोधत बसाल. त्यात पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. "प्रश्न सापडले नाहीत" याचा अर्थ प्रत्येक वेळी "काम केलं नाही" असा होत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं, वर्ष बघा. धायरीचा उरलेला भाग धरून ११ गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली, आणि नांदेड, किरकटवाडी धरून आणखी २३ गावं ३० जून २०२१ ला. त्या आधीचे पाण्याचे कागद ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडे, बांधकामाच्या परवानग्या पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). नांदेड, किरकटवाडीचा २०१९ चा कागद महापालिकेत शोधाल तर मिळणार नाही.

आणि तिसरं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होता. म्हणजे जीबीएसच्या वेळी महापालिकेत प्रश्न विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता! अशा वेळी एआयला "नगरसेवकांनी काय विचारलं" असं विचारलं तर तो काहीतरी रचून देण्याची भीती असते, कारण प्रश्नातच आपण नगरसेवक होते असं धरून चाललोय. म्हणून विधानसभा आणि संसद बघायची. संसदेचं बजेट अधिवेशन ३१ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, राज्याचं मार्चमध्ये मुंबईत. घटनेनंतरचं पहिलं अधिवेशन कुठलं, हा प्रश्न कायम मनात ठेवा.

दुसरी पायरी: एआयकडून उत्तर मागू नका, शब्द मागा

सरकारी कागदाची भाषा आपली नसते. आपण म्हणतो "गढूळ पाणी येतं", कागदात असतं "दूषित पाणीपुरवठा होत असल्याबाबत". आपण "टँकर माफिया" शोधतो, कागदात "खाजगी टँकरद्वारे होणारा पाणीपुरवठा". इथे एआय खरंच कामाला येतो. मी असं लिहिते:

"पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या पिण्याच्या पाण्याबद्दल मला विधानसभेतले प्रश्न शोधायचेत. उत्तर देऊ नकोस. सरकारी मराठीत हा विषय कोणकोणत्या शब्दांत लिहिला जाईल ते १५ शब्दप्रयोग दे, गावांच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंग दे, आणि हा विषय कोणकोणत्या खात्यांकडे जाऊ शकतो ते सांग."

खात्यांचा मुद्दा महत्त्वाचा. शहराचं पाणी नगरविकासकडे, गावाचं पाणीपुरवठा व स्वच्छताकडे, धरणातलं जलसंपदाकडे, आणि आजार झाला की सार्वजनिक आरोग्यकडे. एकाच नळाचा प्रश्न चार जागी असू शकतो.

कायद्यांची जुनी नावंही मागा. आपली महापालिका ज्या कायद्यावर चालते तो आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो, पण आधी त्याचं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ असं होतं, आणि जुने कागद त्याच नावाने सापडतात. पाणी देणं महापालिकेवर बंधनकारक आहे हे त्याच्या कलम ६३ मध्ये आहे, अर्ज लिहिताना उपयोगी पडतं.

तिसरी पायरी: कागद स्वतः काढा

राज्याचं: महाराष्ट्र विधानमंडळाच्या साइटवर तारांकित, अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या), कामकाजाचे कागद पीडीएफमध्ये असतात. तारांकित म्हणजे ज्याचं मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितचं उत्तर फक्त लेखी.

संसदेचं: सगळं संसदेच्या साइटवर, मंत्रालय, सदस्याचं नाव, तारीख टाकून शोधता येतं. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात, त्यामुळे खरा माल अतारांकितमध्येच जास्त असतो, बातमीत मात्र तो फारसा येत नाही. कागद इंग्रजी आणि हिंदीत असतात, इंग्रजी जड जात असेल तर एआयकडून मराठी करून घ्या पण आकडे मूळ पानावर बघा.

जीआर: राज्य सरकारच्या साइटवर शासन निर्णय विभागवार मिळतात. प्रत्येकाला एक लांबलचक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. एआयने दिलेला सांकेतांक आधी इथेच टाकून बघायचा. उघडला तर आहे, नाही उघडला तर तो कुठेही लिहायचा नाही.

महापालिकेचं: अंदाजपत्रक, स्थायी समिती आणि मुख्यसभेचे ठराव महापालिकेच्या साइटवर, शिवाय महापालिकेचं वेगळं ओपन डेटा पोर्टल आहे.

इंटरनेटवर शोधू शकणारा असिस्टंट असेल तर त्याला "फक्त सरकारी साइटवरची लिंक दे, लिंक नसेल तर सापडलं नाही असं लिही" असं सांगा. आणि लिंक उघडा. उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: पीडीएफ वाचता येतेय का बघा

एक ओळ सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर उत्तम. चित्रविचित्र चिन्हं आली तर फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे, आणि अशी फाइल सरळ एआयला दिली तर त्याला अक्षरांचा कचराच दिसतो पण उत्तर मात्र छान गुळगुळीत येतं, ते जास्त धोक्याचं. अशा वेळी पानाचा स्पष्ट स्क्रीनशॉट काढून द्या. सिलेक्टच होत नसेल तर स्कॅन आहे, त्यालाही हाच उपाय. देवनागरी आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते, त्यामुळे प्रत्येक आकडा बोट ठेवून ताडून बघा. कंटाळवाणं आहे पण यालाच पर्याय नाही.

पाचवी पायरी: उत्तर ओळीओळीने वाचून घ्या

विधानसभेचा प्रश्न कसा असतो बघा. "(१) ... हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?" आणि उत्तर येतं: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) ... (४) प्रश्न उद्भवत नाही."

एआयला नुसतं "सारांश दे" म्हटलं की तो प्रश्नातला आरोप आणि मंत्र्याचं उत्तर एकत्र करून टाकतो. आमदाराने विचारलेलं "इतक्या गावांत दूषित पाणी येत आहे, हे खरे आहे काय" हे सारांशात "सरकारने मान्य केलं की इतक्या गावांत दूषित पाणी येतं" असं होऊन बसतं, आणि तेच ग्रुपवर फिरतं. म्हणून मी असं मागते:

"दिलेल्या पीडीएफमधूनच उत्तर दे. टेबल कर: भाग क्रमांक, आमदारांनी काय विचारलं, मंत्र्यांनी शब्दशः काय उत्तर दिलं, पान नंबर. 'अंशतः खरे आहे' असेल तर कुठला अंश मान्य केला आणि कुठल्यावर काहीच बोलले नाहीत ते वेगळं सांग. जे कागदात नाही तिथे 'कागदात नाही' असं लिही."

तो शेवटचा भाग, कशावर बोललेच नाहीत, हाच सगळ्यात मोलाचा. गावं विचारली आणि उत्तर शहराचं दिलं, तीन वर्षं विचारली आणि एकाच वर्षाचे आकडे दिले, असं कितीतरी वेळा दिसतं. संसदेतल्या उत्तरात पाण्याबद्दल पहिली ओळ बऱ्याचदा "पाणी हा राज्याचा विषय आहे" अशी असते, तिथे थांबू नका, खाली परिशिष्ट असतं आणि राज्यवार, जिल्हावार आकडे त्यात असतात. "माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं असेल तर ते आश्वासन धरलं जातं आणि संसदेत ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

सहावी पायरी: पैशाचे आकडे

थोडक्यात सांगते. अंदाजपत्रकात एकाच कामासमोर तीन वेगवेगळे आकडे असू शकतात, मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. "अमुक कोटी खर्च केले" असं एआय म्हणाला की विचारा, हा कुठल्या कॉलमचा आकडा, कुठलं आर्थिक वर्ष, रक्कम लाखात आहे की कोटीत? तरतूद म्हणजे खर्च नव्हे. आणि बेरजा त्याला तोंडी करायला लावू नका, टेबल एक्सेलमध्ये घेऊन बेरीज तिथे करा.

सातवी पायरी: कागद नसेल तर मागा

शोधूनही नाही सापडलं तर माहिती अधिकार आहे, २००५ चा कायदा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, हे एआय मस्त करून देतो, फक्त त्याला ही मर्यादा आधी सांगा. आणि "का" विचारू नका, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या पाणी नमुना तपासणी अहवालांच्या प्रती द्या, असा कागदच मागा. मसुदा बनवताना तुमचा पत्ता, आधार, फोन नंबर एआयला देऊ नका, तिथे रिकामी जागा सोडून नंतर हाताने भरा.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, झेरॉक्सचे पानाला दोन रुपये पडतात, आणि प्रतींऐवजी आधी अवलोकन मागितलंत तर पहिला तास फुकट असतो, फाइल बघून हवी तेवढीच पानं घेता येतात. पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख आहे ना बघा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, आणि अपिलाला त्या सभागृहातल्या उत्तराचं पान जोडायचं, जिथे मंत्री "अंशतः खरे आहे" म्हणालेत त्या ओळीखाली पेनने रेघ मारून.