ठाण्याच्या दमट हवेत बोकडाचे कातडे खारवून टिकवण्याची रीत

दिमडी, डफ किंवा ढोलकी मढवण्यासाठी खाटकाकडून ताजे कातडे आणणाऱ्याने सर्वांत आधी घड्याळ पाहावे. जनावराच्या अंगावरून कातडे निघाले की त्याच्याच पेशींतील पाचक द्रव्ये त्याला आतून मऊ करू लागतात आणि रक्त, शेण व माती यांतून आलेले जिवाणू झपाट्याने वाढतात. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत चार-पाच तासांत कुजण्याची सुरुवात होऊ शकते. थंड प्रदेशात केसाळ कातड्यासाठी (फरसाठी) सापळे लावून प्राणी धरणाऱ्यांना हवाच हात देते. ते कातडे फळीवर ताणून थंड, कोरड्या जागी वाळवतात. आपल्याकडे मात्र वन्य प्राण्यांसाठी फासे लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार ठरते, त्यामुळे ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलालगत राहणाऱ्यांनीही तो विचार मनात आणू नये. येथे केवळ मटणासाठी कापलेल्या शेळी-बोकडाच्या कातड्याचा विचार केला आहे.

एकदा मी कल्याणहून आणलेले कातडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून स्कूटरच्या डिकीत ठेवले. वाटेतल्या वाहतूक कोंडीमुळे घरी पोहोचायला तीन तास लागले. वरून ते निरोगी दिसत होते, परंतु मीठ लावताना पोटाजवळचे केस बोट लागताच सुटून आले. केस असे सुटू लागले की कातड्याची वरचा पापुद्र्यासारखा थर निकामी झाला असे समजावे, कारण त्यानंतर ओतलेले मीठ झालेले नुकसान भरून काढत नाही. जनावराच्या अंगातली ऊब पिशवीत कोंडली गेली होती, हे मला फार उशिरा उमगले. तेव्हापासून मी जाताना उघडी बादली आणि पाच किलो मीठ सोबत नेतो आणि पहिला थर तिथेच लावतो.

खाटकाला आधीच सांगून ठेवावे की सोलताना सुरी कमी आणि मूठ जास्त वापरावी, कारण आतून पडलेली चीर दिमडी ताणताना नेमकी तिथेच फाटते. जे जनावर अचानक किंवा आजाराने मेले असेल त्याचे कातडे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्स, कातड्यातूनही माणसाला होतो. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. घरी आल्यावर थंड पाण्याने रक्त आणि घाण धुवावी, कातडे पाण्यात भिजत ठेवू नये, आणि दांडीवर टाकून थोडा वेळ निथळू द्यावे. मग मांसाची बाजू वर करून बोथट सुरीने चरबी व मांसाचे तुकडे खरवडावेत. चरबीच्या खाली मीठ उतरत नाही, म्हणून हे काम घाईने उरकू नये.

मीठ कोणते, हा प्रश्न आपल्या भागात अगदी सोपा आहे. स्वयंपाकातले बारीक मीठ लगेच गठ्ठे धरते आणि सारखे पसरत नाही, तर मोठे खडे कातड्याला सर्व ठिकाणी टेकत नाहीत. म्हणून उरण किंवा भाईंदरच्या मिठागरातले खडे मीठ घेऊन ते साधारण एक ते तीन मिलिमीटर आकाराचे होईपर्यंत भरडावे. कातड्याच्या ओल्या वजनाच्या निम्मे मीठ लागते, म्हणजे दोन किलोच्या कातड्याला एक किलो. मान, पायांची टोके, कडा आणि घड्या येथे हाताने दाबून भरावे, कारण कुजणे बहुधा तिथूनच सुरू होते. एकदा वापरलेले मीठ पुन्हा वापरणे ही मला सर्वांत खोटी काटकसर वाटते. त्यात पहिल्या कातड्याचे जिवाणू आणि रक्त असते. उन्हाळ्यात मिठागराची पाणी भरलेली खाचरे गुलाबी होतात ती मिठातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि तेच सूक्ष्मजीव खारवलेल्या कातड्यावर लाल-गुलाबी डाग पाडतात. मिठाच्या दोन टक्के धुण्याचा सोडा मिसळल्यास हा धोका कमी होतो.

खारवलेले कातडे उतरत्या फळीवर, मांसाची बाजू वर करून ठेवावे, एका दिवसाने पाझरलेले पाणी निथळवावे आणि ओले झालेले मीठ झाडून ताजे मीठ लावावे. हे पाणी झाडांना किंवा खाडीकडे जाणाऱ्या पावसाच्या नाल्यात सोडू नये. सहा-सात दिवसांनी कातडे ताठ पण लवचीक होते, दाबले तर पाणी सुटत नाही आणि वासही कुजका राहत नाही. मग ते आतील बाजू आत घालून घडी करावे.

वाळवण्याचा मोह मात्र पावसाळ्यात आवरावा. बोंबील वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवण्याच्या बांबूच्या मांडवावर, हिवाळ्याच्या वाऱ्यात वाळतात तसे कातडे हिवाळ्यात सावलीत, चौकटीवर ताणून वाळते. भर उन्हात ठेवल्यास वरचा थर आवळतो आणि आतली ओल कोंडून तिथे कुजते. जून ते सप्टेंबरमध्ये हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठच हवेतले पाणी ओढू लागते, त्यामुळे खारवलेले कातडेही घाम आल्यासारखे ओलसर होते. अशा दिवसांत ते तळाला मीठ पसरलेल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवावे, किंवा लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळवून तयार केलेल्या संपृक्त खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावे. लोखंडी भांडे वापरू नये. त्याचे काळे डाग निघत नाहीत.

दर आठवड्याला पिंप उघडून केस हलकेच ओढून पाहावेत आणि घड्यांमध्ये गुलाबी डाग दिसतो का ते तपासावे. डाग दिसल्यास तेवढे कातडे बाजूला काढून नव्या मिठात घालावे आणि वाद्ये मढवणाऱ्या कारागिराकडे नेताना त्याला ते स्पष्ट सांगावे.