वीज गेल्यानंतर उघडत नसलेला झेडएफएस पूल कसा सोडवावा

मे-जूनच्या वादळात रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागा आडव्या होतात, विजेच्या तारा तुटतात आणि परत आलेली वीज दहा मिनिटांत तीन-चार वेळा ये-जा करते. माझ्या मावसभावाच्या फोटो स्टुडिओतील चार डिस्कचा झेडएफएस पूल अशाच एका संध्याकाळी बंद पडला. झेडएफएस ही डिस्कवर माहिती साठवण्याची व्यवस्था आहे आणि पूल म्हणजे तिने एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच. लग्नसराईचे फोटो अजून गिऱ्हाइकांना द्यायचे होते आणि स्क्रीनवर संदेश होता की पूल नष्ट करून बॅकअपवरून पुन्हा तयार करावा. हा संदेश वाचून कोणीही तसे लगेच करू नये, कारण बहुतेक वेळा माहिती डिस्कवर शाबूत असते.

वीज स्थिर होईपर्यंत यंत्र सुरू करू नये. घरचा इन्व्हर्टर वापरत असल्यास त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे याची खात्री करावी, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलताना लागणारा वेळ संगणक पुन्हा बंद पडण्यास पुरेसा ठरतो. त्यानंतर केबली घट्ट बसवून प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहावा. त्यात १९७ क्रमांकाचा, म्हणजे पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा वाढत असेल, तर त्या डिस्कची डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने नवीन डिस्कवर नक्कल करूनच पुढे जावे.

आता ‘झेडपूल इम्पोर्ट’ एवढीच आज्ञा द्यावी. तिने पूल जोडला जात नाही, फक्त कोणती डिस्क दिसते व कोणती गायब आहे हे कळते. सर्व डिस्क दिसत असल्यास ‘रीडओन्ली=ऑन’ (फक्त वाचण्यापुरता) हा पर्याय देऊन पूल जोडावा. पुढील सर्व कामाचा भरवसा याच पायरीवर आहे, कारण पूलवर काहीही लिहिले गेले नाही तर चूक झाली तरी मागे फिरता येते.

तरीही पूल उघडला नाही, तर त्याच इम्पोर्ट आज्ञेला कॅपिटल एफ (पूल मागे नेण्याचा पर्याय) आणि सोबत स्मॉल एन (फक्त तपासणीचा पर्याय) देऊन पूल आधीच्या स्थितीकडे मागे नेता येईल का, एवढेच आधी तपासावे. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर थेट लिहीत नाही, नवीन जागी लिहून मग खूण बदलते, आणि असे बदल साधारण दर ५ सेकंदांनी एकत्र नोंदवले जातात. त्यामुळे शेवटचे काही व्यवहार सोडून दिले की आधीची सुसंगत स्थिती बहुधा सापडते. तपासणी अनुकूल निघाल्यास एन काढून, रीडओन्ली कायम ठेवून कॅपिटल एफ द्यावा. स्मॉल एफ ही वेगळी गोष्ट आहे. पूल दुसऱ्या यंत्राने वापरल्याची सूचना तेवढी त्याने ओलांडली जाते. कॅपिटल एक्स हा आणखी मागे जाणारा, धोक्याचा पर्याय मात्र नक्कल केलेल्या डिस्कवरच वापरावा.

पूल उघडताच दुरुस्तीच्या मागे न लागता आरसिंक या फायलींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने माहिती दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते सर्वांत आधी. स्टुडिओत आम्ही न दिलेल्या लग्नांचे फोल्डर प्रथम काढले आणि त्यातील दहा-बारा फोटो उघडून पाहिल्यावरच पुढचे फोल्डर घेतले.

प्रत तपासून झाल्यानंतरच पूल एक्सपोर्ट करून (यंत्रापासून सोडवून) लिहिण्याच्या परवानगीसह पुन्हा जोडावा, मागे न्यावा लागला असल्यास कॅपिटल एफसह, आणि स्क्रब, म्हणजे पूलमधील सर्व माहितीची तपासणी, चालवावा. ‘झेडपूल स्टेटस’ला व्ही जोडल्यास खराब फायलींची नावे मिळतात. त्या फायली चांगल्या प्रतीवरून परत ठेवून स्क्रब पुन्हा चालवावा. यादी रिकामी होण्यास कधी कधी दोन स्क्रब लागतात.