‘कॉट’मध्ये ए की ओ? मूळ क्रियापद बघा

इंग्रजीतल्या काही क्रियापदांचा भूतकाळ ‘यू-जी-एच-टी’ या चार अक्षरांनी संपतो: कॉट, टॉट, बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट. उच्चार सगळ्यांचा ‘ऑट’, पण यू-च्या आधी कुठे ए येतो, कुठे ओ. मुलं नेमकी इथे अडतात आणि घोकंपट्टी करत बसतात. त्याची गरज नाही.

मूळ क्रियापदाचं स्पेलिंग डोळ्यांसमोर आणा. ‘कॅच’ आणि ‘टीच’ या दोन्हींत ए आहे, म्हणून कॉट आणि टॉटमध्येही ए. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक यांच्यात ए नाही, तिथे ओ लिहायचा. बॉट आणि ब्रॉटचा घोळही असाच सुटतो: ‘ब्रिंग’मध्ये आर आहे, तोच ‘ब्रॉट’मध्ये येतो, ‘बाय’मध्ये नाही, म्हणून ‘बॉट’मध्येही नाही.

नामं-विशेषणं मात्र या खुणेत बसत नाहीत. डॉटर, नॉटी, स्लॉटर ही ए-वाली, एकत्रच पाठ करावीत. ‘लाफ्टर’ दिसायला त्यांच्यासारखाच, पण तिथे जी-एच चक्क ‘फ’ होतो. दुष्काळाचा ‘ड्राउट’ ओ-वाला असून उच्चाराने वेगळा.

आणि हे मुके जी-एच उगाच आलेले नाहीत. जुन्या इंग्रजीत तिथे घशातून काढलेला ‘ख’सारखा आवाज होता. जर्मनमध्ये तो आजही ऐकू येतो: मुलीला ते ‘टोख्टर’ म्हणतात, आणि ‘ब्रॉट’ला ‘ब्राख्टं’. मुलांना हे जरूर सांगा. कारण कळलं की ती अक्षरं गाळली जात नाहीत.