दोरी ओढून हात दुखले, पण मॉवर चालू होईना

बरेच महिने पडून असलेला गवत कापायचा पेट्रोलचा मॉवर बाहेर काढला, तर तो ढिम्म. चोक दिला, दोरी ओढली, नुसती घरघर.

आधी स्पार्क प्लग काढून बघितला. कोरडा ठणठणीत! इतकी दोरी ओढूनही प्लग ओला होत नसेल, तर पेट्रोल आत पोचतच नाही असं समजावं. खात्रीसाठी प्लगच्या भोकात पेट्रोलचे दोन-चार थेंब टाकून प्लग परत बसवला. मशीन फुरफुरलं आणि लगेच बंद पडलं. म्हणजे स्पार्क ठीक, दोष कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग).

प्लगची टोपी काढून ठेवली (पात्यापाशी हात घालण्याआधी हे हवंच), पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटरखालची वाटी सोडवली. तळाशी पिवळट चिकट थर, वास जुन्या वार्निशसारखा. माझ्या मशीनमध्ये वाटीच्या बोल्टलाच बारीक भोक आहे, तोच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक. उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारला आणि वायरमधली तांब्याची एकच तार काढून ती हलकेच फिरवली. जेटचं पितळ मऊ असतं, सुई-टाचणी घातली की भोक मोठं होतं, मग मशीन पेट्रोल पिऊ लागतं.

जुनं पेट्रोल ओतून ताजं भरलं. थोडा धूर ओकून मशीन सुरू झालं. वाटीचं रबरी गॅस्केट मात्र फुगलं होतं, ते नवं टाकावं लागलं.